चांगल्या साहेबाचे परीक्षक



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्या सरांच्या आयुष्याचा केवढा तरी भाग उत्तरपत्रिका तपासण्यात गेला. तेव्हा आज परीक्षकाच्या कामाविषयीच बोलावे, असे मी ठरविले. मात्र ज्या परीक्षकांविषयी मी बोलणार आहे, त्यांच्यापुढे उत्तरपत्रिका नसते. त्यांच्यापुढे एक माणूस असतो, आणि तोही अधिकाराच्या खुर्चीत बसलेला. हाताखालच्या माणसांची नोकरी आणि त्यांचा संसार यांचा मेळ बसावा म्हणून जो वरिष्ठ झटतो, त्याला पारितोषिक देण्याची प्रथा अलीकडच्या काळात काही देशांत पडली आहे. ते कोणाला द्यावे हे ठरविणाऱ्यांची अडचण मला फार उद्बोधक वाटते. जपानचे उदाहरण घेऊन ती मांडतो.

अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूसाठी ज्या भाषेला 'करोशी' असा स्वतंत्र शब्द घडवावा लागला, त्या देशात हे पारितोषिक जन्मले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. जपानमध्ये बालसंगोपनाच्या रजेचा कायदा १९९१ साली संमत झाला आणि १९९२ पासून अमलात आला. ती रजा आईप्रमाणे बापालाही होती. आणि तरीही २०१० साली, म्हणजे कायदा होऊन जवळजवळ दोन दशके लोटल्यावर, रजेस पात्र असलेल्या पुरुषांपैकी ती घेणाऱ्यांचे प्रमाण होते १.३८ टक्के. शंभरांत धड दोनही नव्हेत! कायद्याने दिलेली रजा कोण अडवीत होते? बहुतेक ठिकाणी कोणी लेखी नकार दिलेला नव्हता. अर्ज हातात घेऊन टेबलापाशी उभे राहिले, की साहेबाच्या कपाळावर जी आठी पडते, ती पुरेशी होती. आपल्यापैकी ज्यांनी नोकऱ्या केल्या आहेत, त्यांना ही आठी काय असते ते सांगावयास नको.

त्याच २०१० साली तेथील आरोग्य, श्रम व कल्याण मंत्रालयाने 'इकुमेन' नावाची मोहीम सुरू केली. 'इकु' म्हणजे संगोपन. देखण्या पुरुषाला 'इकेमेन' म्हणतात, त्यावर केलेली ही कोटी. मुलाबाळांचे करणारा बाप हाच देखणा, असा तिचा आशय. पुढे उमजले, की बापाला कितीही समजावले तरी त्याचा साहेब बदलल्याखेरीज काही घडावयाचे नाही. तेव्हा 'इकुबॉस' हा शब्द आला, आणि २०१४ साली मंत्रालयाने त्या नावाचे पारितोषिक सुरू केले. फादरिंग जपान या स्वयंसेवी संस्थेने अशा वरिष्ठासाठी दहा कसोट्याही घालून दिल्या. त्यांपैकी काही मला मार्मिक वाटतात. वरिष्ठाला रजेचे व श्रमाचे कायदे ठाऊक असावेत. कोणाची बदली करताना त्याच्या घरावर काय ओढवेल, याचा त्याने विचार करावा. आपल्याही वरच्यांना त्याने सांगून पाहावे. आणि त्याने स्वतःही घरी जावे!

कसोट्या झाल्या. आता परीक्षकांनी करावयाचे काय? त्यांच्यापुढे शिफारशी येतात, आणि मंत्रालयाच्या पारितोषिकासाठी त्या प्रामुख्याने कंपन्यांकडूनच मागविल्या जात. म्हणजे आपला अधिकारी किती चांगला, हे त्याची कंपनीच सांगणार. आपल्याकडे गोपनीय अहवाल वरून खाली लिहिले जातात. खालून वर लिहिलेला अहवाल मी तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही पाहिला नाही. कंपनी शिफारस करते तेव्हा तिच्या मनात त्या अधिकाऱ्याइतकाच स्वतःचा लौकिकही असतो. हा काही गुन्हा नव्हे, पण परीक्षकाने तो जमेस धरलाच पाहिजे.

तो जमेस धरला नाही, की काय होते, याचा एक दाखला जपानमध्येच घडला आहे. बालसंगोपनास अनुकूल असलेल्या कंपन्यांना तेथील सरकार २००७ पासून 'कुरुमिन' नावाचे मानचिन्ह देते. दुपट्यात गुंडाळलेले तान्हे बाळ, असे ते चिन्ह. देंत्सू या जाहिरात क्षेत्रातील बलाढ्य कंपनीला ते २००७, २०१३ आणि २०१५ असे तीन वेळा मिळाले. याच कंपनीतील एका चोवीस वर्षांच्या तरुणाने १९९१ साली अतिश्रमाने खचून आत्महत्या केली होती, आणि २००० साली जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल कंपनीला जबाबदार धरले होते. हा निकाल काही गुप्त नव्हता. डिसेंबर २०१५ मध्ये त्याच कंपनीतील एका तरुणीने जीव दिला. तिचेही वय चोवीस. नोकरीला लागून तिला वर्षही झाले नव्हते. सप्टेंबर २०१६ मध्ये हा मृत्यू अतिश्रमामुळे झाल्याचे श्रम कार्यालयाने मान्य केले. नोव्हेंबरमध्ये कंपनीने ते गुंडाळलेले बाळ सरकारला परत केले, आणि २०१७ साली न्यायालयाने तिला दंड ठोठावला पाच लाख येन! एवढ्या मोठ्या कंपनीस तो किती जड गेला असेल, याची कल्पना आपण करू शकाल.

या प्रकरणातील एक आकडा प्रत्येक परीक्षकाने टेबलाच्या काचेखाली ठेवावा असा आहे. तेथे महिन्याला सत्तर तासांहून अधिक जादा काम करावयाचे नाही, असा करार होता. त्या मुलीच्या नोंदीत ऑक्टोबरचे जादा तास होते ६९.९, आणि नोव्हेंबरचे ६९.५. श्रम कार्यालयाने चौकशीअंती एका महिन्याचे जादा तास सुमारे १०५ धरले. हजेरीपट खोटा बोलत होता, आणि किती नेमकेपणाने! मर्यादेच्या काठाला इतका घासून जाणारा आकडा पाहताच परीक्षकाच्या मनात पाल चुकचुकली पाहिजे. बाळाच्या मानचिन्हाच्या निकषांत तोवर प्रत्यक्ष कामाच्या तासांची ठाम संख्येतली मर्यादा नव्हती. ती २०१७ साली घालण्यात आली. परीक्षकांनी कागद तपासले, आणि कागद सारे ठीक होते.

मग परीक्षकाने कागद सोडून माणसांकडे जावे का? जावे, पण तेथेही एक खोच आहे. ज्याला रजा मिळाली, जो संध्याकाळी पाळणाघरातून मूल आणावयास वेळेवर सुटला, तो साहेबाचे गुण गाणारच. त्याची साक्ष खरी असते, पण ती स्वस्त असते. त्याच्या वाटचे काम त्या संध्याकाळी कोणी केले, त्याला गाठले पाहिजे. तो बहुधा अविवाहित असतो, किंवा त्याची मुले मोठी झालेली असतात, किंवा त्याच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई असते आणि ते त्याने कोणाला सांगितलेले नसते. त्याला विचारावे, की हे काम आपणाकडे कसे आले? आधी सांगून आले, की सहा वाजता टेबलावर येऊन पडले? त्याचा मोबदला मिळाला, की नुसती शाबासकी? एकाच्या घरी लवकर लागलेला दिवा जर दुसऱ्याच्या घरचे तेल जाळत असेल, तर त्या साहेबाने उदारपणा केला खरा, पण परक्याच्या खिशातून केला. विभागाचे कामही नीट पार पडले पाहिजे, अशी अट इकुबॉसच्या कल्पनेत आहे. काहींना ती धंदेवाईक वाटते, मला ती न्यायाची वाटते. कारण काम अडले, की ते शेवटी कोणाच्या तरी रात्रीवर जाऊन पडते.

बडोद्याच्या एका कारखान्यात, कार्मिक विभागात, माझी नोकरी झाली. तेथे दोन फोरमन होते. एक अत्यंत प्रेमळ. कोणाची मुलगी आजारी, कोणाच्या घरी पाहुणे; गेले की गेटपासवर सही. माणसे त्याच्यावर जीव टाकीत. फक्त सही कोणाला मिळेल आणि कोणाला मिळणार नाही, हे त्याच्या त्या दिवसाच्या मर्जीवर असे, आणि ज्यांना तोंड उघडण्याचा संकोच, ते वर्षानुवर्षे पाळी संपेपर्यंत यंत्रापाशी उभे राहात. दुसरा फोरमन अबोल. तो पंधरा दिवस आधी पाळ्यांचा तक्ता लावी. आपापसांत पाळी बदलावयाची असल्यास दोघांनी तक्त्यावर सह्या कराव्यात, त्याला विचारण्याचेही कारण नाही, असा त्याचा शिरस्ता; आणि प्रत्येक यंत्र किमान दोघांना चालविता आले पाहिजे, यावर त्याचा कटाक्ष. दरवर्षी उत्कृष्ट पर्यवेक्षक निवडला जाई तेव्हा पहिल्याविषयी सांगण्यासारखे दहा प्रसंग निघत. दुसऱ्याच्या खात्यात सांगण्यासारखे काही घडतच नसे! निवड कोणाची होई, ते आपण ओळखले असेलच. पण अबोल फोरमनची बदली झाल्यावरही तो तक्ता भिंतीवर लागत राहिला. प्रेमळ फोरमन निवृत्त झाला त्या दिवशी मात्र सारी सवलत त्याच्याबरोबर फाटकाबाहेर गेली.

मेहरबानी आणि व्यवस्था यांतला हा फरक ओळखणे हे परीक्षकाचे सर्वांत अवघड काम होय. मेहरबानीला गोष्टी असतात, चेहरा असतो, कृतज्ञतेचे अश्रू असतात, आणि पारितोषिकाच्या समारंभात तिची छायाचित्रेही चांगली येतात. म्हणून माझी सूचना अशी, की असे पारितोषिक त्या वर्षी देऊच नये. अधिकाऱ्याची बदली होऊन दोन वर्षे लोटल्यावर त्याच्या जुन्या खात्यात जावे आणि काय उरले आहे ते पाहावे. कंपन्यांना ही सूचना आवडणार नाही, कारण लौकिक आजचा आज हवा असतो.

यावर कोणी म्हणेल, की ही पारितोषिके म्हणजे नुसती शोभा. खरा बदल कायद्याने होतो. यात तथ्य आहे, आणि आकडेही तेच सांगतात. पुरुषांच्या रजेचे प्रमाण मोहिमेनंतर नऊ वर्षांनी, २०१९ साली, ७.४८ टक्क्यांवर पोहोचले होते. पुढे मूल जन्मलेल्या कर्मचाऱ्याला मालकानेच आपण होऊन रजेची माहिती द्यावी आणि ती घेणार का हे विचारावे, असे बंधन २०२२ साली आले. २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना हे प्रमाण जाहीर करणे भाग पडले. आणि २०२३ साली ते ३०.१ टक्के, २०२४ साली ४०.५ टक्के झाले. विचारण्याचे ओझे नोकरावरून मालकावर सरकले, आणि ती आठी दाखविण्याची सोयच उरली नाही. तथापि २०२३ च्या पाहणीत निम्म्याहून अधिक पुरुषांची रजा महिन्याच्या आतली होती. कायदा रजेपर्यंत नेऊन सोडतो. ती किती दिवसांची घ्यावी, आणि परतल्यावर आपली खुर्ची जागेवर असेल ना, हे अजूनही साहेबाच्या वागण्यावरूनच माणूस ताडतो. परीक्षकाचे काम संपलेले नाही, ते यामुळे.

आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा सव्वीस आठवड्यांची झाली. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला पंधरा दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या बापासाठी मात्र सर्वांना लागू होईल असा कायदा नाही. आपली मुले पुण्याला आणि बंगळुरूला जातात, आणि त्यांचे जेवण झाले का, हे विचारावयास रात्री दहाला दूरध्वनी केला तरी ती कार्यालयातच असतात. २०२४ साली पुण्यात एक सव्वीस वर्षांची सनदी लेखापाल मुलगी नोकरीस लागून चार महिन्यांत वारली. कामाच्या भाराने ती गेली, असे तिच्या आईने पत्र लिहून सांगितले. तिच्या संस्थेने ते मान्य केले नाही. खरेखोटे ठरविण्याचा अधिकार मला नाही. पण ते पत्र वाचताना मला वाटले, की कोणत्याही परीक्षक मंडळाने आजवर ज्याची साक्ष घेतली नाही, असा हा साक्षीदार आहे: घरचे माणूस.

घरी जाऊन चौकशी करणे योग्य नव्हे, हे मलाही मान्य आहे. कोणाच्या उंबऱ्याच्या आत डोकावण्याचा अधिकार पारितोषिकाने मिळत नाही. परंतु कर्मचाऱ्याला बाजूला घेऊन, साहेबाचे नावही न काढता, एक प्रश्न विचारता येईल: काल आपण किती वाजता घरी पोहोचलात, आणि ती वेळ घरच्यांना सकाळीच ठाऊक होती काय? या प्रश्नाच्या उत्तरार्धाला मी अधिक गुण देईन. रुग्णालयात, छापखान्यात, रेल्वेत माणसाला उशीर होणारच. तेथे आठ वाजता पोहोचणारा सुखी असू शकतो, आणि एरवी सहाला सुटणारा, पण कोणत्या दिवशी सहाला हे ज्याला पाच वाजेपर्यंत कळत नाही, तो नसतो. मुलाला शाळेतून कोणी आणावे, आजोबांना डॉक्टरांकडे कोणी न्यावे, भाताचा कुकर कधी लावावा, हे सारे त्या एका वेळेवर अवलंबून असते.

या सभागृहात बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज स्वतः साहेब आहेत, आणि काहीजण अशा निवड समित्यांवर बसतही असतील. त्यांनी हा प्रश्न पुढच्या खेपेस विचारून पाहावा आणि काय उत्तरे येतात ते मला अवश्य कळवावे.