सेवाग्रामच्या बडी बहनजी

रोग्याची नाडी पाहणारा हात आणि सरकारी आदेशावर सही करणारा हात एकाच व्यक्तीचा असावा, असा योग विरळाच. डॉ. सुशीला नायर यांच्या आयुष्यात तो आला. पंजाबातील गुजरात जिल्ह्यात, कुंजा या गावी, २६ डिसेंबर १९१४ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील बंधू प्यारेलाल हे गांधीजींचे चिटणीस. त्यामुळे आश्रमाशी त्यांचा परिचय लहान वयातच झाला. दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात वैद्यकाचे शिक्षण घेतल्यावर शहरात नावलौकिक मिळविणे त्यांना अवघड नव्हते. पण १९३९ साली त्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आल्या.

त्याच सुमारास वर्धा परिसरात पटकीची साथ उद्भवली आणि तिच्याशी झुंजण्याचा मोठा भार या तरुण डॉक्टरवर पडला. पटकी हा फार कठोर शिक्षक आहे. एका झोपडीतील रोगी बरा होतो न होतो, तोच त्याच विहिरीचे पाणी पिणारे शेजारी अंथरूण धरतात. विहीर निर्जंतुक करणे, पाणी उकळून पिण्यास लोकांना राजी करणे, मैला मातीआड करणे, ही कामेही वैद्यकातच मोडतात, हा धडा खेड्याइतका स्पष्टपणे दुसरीकडे कोठे मिळणार?

१९४२ च्या लढ्यात गांधीजी व कस्तुरबा यांच्यासमवेत त्या पुण्याच्या आगाखान महालात स्थानबद्ध होत्या. तेथेच २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनी देह ठेवला. सुटकेनंतर सुशीलाबाईंनी सेवाग्रामात चालविलेल्या लहानशा दवाखान्यातून कस्तुरबांच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले. गांधीजींच्या हत्येनंतर त्या अमेरिकेस गेल्या आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून परतल्या.

१९५२ मध्ये त्या दिल्ली विधानसभेवर निवडून आल्या, तेथील आरोग्यमंत्री व पुढे सभापती झाल्या. १९५७ मध्ये झाशीच्या मतदारांनी त्यांना लोकसभेत पाठविले. १९६२ ते १९६७ या काळात त्या केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. परंतु आपल्या राज्यघटनेने सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा विषय राज्यांकडे सोपविला आहे. केंद्रातील मंत्र्याने योजना आखावी, पैसा द्यावा, आग्रह धरावा; अंमल मात्र राज्यांच्या हाती. देवीरोगाच्या निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला. देशातील या रोगाचा अखेरचा स्थानिक रोगी आढळला तो मे १९७५ मध्ये. तोवर सुशीलाबाईंना मंत्रिपद सोडून आठ वर्षे झाली होती. सार्वजनिक आरोग्याच्या शेतात पेरणाऱ्याच्या हाती पीक क्वचितच लागते.

पण आदेशाने एक गोष्ट साधत नाही. भोर समितीने १९४६ साली खेड्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रे सुचविली. १९५२ पासून ती उभी राहू लागली. इमारत झाली, फलक लागला; डॉक्टरची खुर्ची मात्र अनेक ठिकाणी रिकामीच राहिली. शहरात वाढलेल्या, शहरात शिकलेल्या तरुणास खेडे परके वाटे. ती खुर्ची कायद्याने भरणारी नव्हती. तीवर बसणारा माणूसच निराळा घडवावा लागणार होता.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी सुशीलाबाई सेवाग्रामला परतल्या. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, कस्तुरबा रुग्णालयाच्या आधाराने त्यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापिली. नव्या विद्यार्थ्यांनी प्रारंभी आश्रमात राहावे, खादी वापरावी, प्रत्येक तुकडीने एक खेडे आपले मानून तेथील कुटुंबांच्या आरोग्याची नोंद ठेवावी, असा तेथील शिरस्ता. पुढे आसपासच्या गावांतून आरोग्यविम्याची वर्गणी सुगीच्या वेळी ज्वारीच्या रूपाने घेण्याचा प्रयोगही येथील डॉक्टरांनी केला. ज्याच्या हाती रोकड नाही, त्याच्या कणगीत धान्य असते, हे ओळखणारा डॉक्टर खेड्याला परका राहत नाही.

येथे शिकलेले सारेच विद्यार्थी खेड्यात राहिले असे नाही. तरीही ३ जानेवारी २००१ रोजी सेवाग्राम येथेच निधन होईपर्यंत बडी बहनजींनी हा आग्रह सोडला नाही. शहरी रुग्णालये वाढली, उपकरणे आली, औषधे सुधारली. पण खेड्यातील ती खुर्ची आजही माणसाची वाट पाहते.