सुराचा तंटा

२०२४ सालच्या गौरीगणपतींत पोलादपूर तालुक्यांतील आमच्या वाडींत एक तंटा उपस्थित झाला, आणि जुना शाळामास्तर म्हणून त्याचा निवाडा करण्याचें काम माझ्या गळ्यांत पडलें.

आमच्याकडे या दिवसांत शक्ति-तुऱ्याचा नाच होतो. मुंबईस गेलेले चाकरमाने रजा काढून येतात, पायांत चाळ बांधतात, आणि ढोलकी-झांजांच्या साथीवर एक पक्ष शक्तीचा तर दुसरा शिवाच्या तुऱ्याचा कैवार घेऊन सवालजबाब करतो. त्या वर्षीं गडी कमी पडले. तेव्हां मुंबईस कॉलेजांत शिकणारा माझा नातू म्हणाला, "आजोबा, मी उभा राहतों, पण जबाब माझ्या पद्धतीनें देईन." त्याची पद्धत म्हणजे ज्यास हिप-हॉप म्हणतात ती. शाहीरबुवा संतापले. "गुरुजी, ह्यांत सूर कोठें आहे? हें नुसतें भराभर बोलणें!"

खरें सांगावयाचें तर माझेंही मत तेंच होतें. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिकांवर पोसलेला माझा कान. परंतु ऐकल्यावांचून निकाल देणें शाळेंतही मला कधीं रुचलें नाहीं, म्हणून नातवास समोर बसविलें. त्यानें सांगितलें तें असें : न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागांत १९७३ च्या सुमारास, मूळच्या जमैकाच्या कूल हर्क या तरुणानें एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवल्या, आणि गाणें थांबून केवळ ताल वाजतो तेवढाच तुकडा आळीपाळीनें लांबविला. त्या ठेक्यावर पुढें लोक यमकें जुळवून बोलूं लागले.

हें ऐकतांच मला स्वतंत्र तबलावादन आठवलें. बालगंधर्वांच्याच नाटक मंडळींत साथीला असलेले अहमदजान थिरकवा एकटे वाजवावयास बसत, तेव्हां पेटी किंवा सारंगी एक लहानसा लेहरा पुनःपुन्हा वाजवीत राही. सूर भिंतीसारखा स्थिर. कारागिरी सारी लयींत. तेथें सूर कोठें आहे, असें आपण विचारीत नाहीं. आणि पोवाडा? तानाजी मालुसऱ्यांची समाधि आमच्याच तालुक्यांत उमरठ येथें आहे. त्यांच्यावरील तुळशीदासाचा पोवाडा गातांना शाहीर तीनचार सुरांच्या आंत ओळींमागून ओळी दवडतो, आणि तुणतुण्याची एकच तार एकच सूर धरून बसते.

तथापि दोन्ही गोष्टी एक आहेत असें म्हणणें लबाडीचें होईल. पोवाड्याची चाल शब्द विसरूनही गुणगुणतां येते. नातवाचें कवन शब्दांवांचून मला गुणगुणतां आलें नाहीं. त्यालाही आलें नाहीं. सूर तेथें थोडा आहे, हें मीं त्यास स्पष्ट सांगितलें. पण सूर थोडा म्हणून तें संगीतच नव्हे, हें बुवांचें म्हणणेंही मला पटेना. शिवाय एक शंका मनांत आली. चवदार तळ्याच्या १९२७ च्या सत्याग्रहाचा संदेश घेऊन आंबेडकरी जलसे गांवोगांव हिंडले, तेव्हां त्यांसही नाकें मुरडणारे निघालेच असतील. सूर नाहीं, या तक्रारीच्या पोटीं गाणारा आपल्यांतला नाहीं, ही तक्रार कधीं कधीं दडलेली असते. माझ्या मनांत ती नव्हती, असें छातीवर हात ठेवून मला म्हणवेना.

निवाडा असा दिला : गण आणि गौळण जुन्या चालीवर, जबाब नातवाच्या रीतीनें, पण प्रत्येक ओळ ढोलकीच्या समेवर उतरली पाहिजे. रात्रीं तो उभा राहिला. तिसऱ्याच ओळीला घाई नडली, सम चुकली, आणि तुरेवाले खदखदां हंसले. मी मान खालीं घातली. ढोलकीवाल्यानें मात्र लय किंचित् उतरविली, पोरास परत ठेक्यांत घेतलें, आणि पुढच्या दहाबारा ओळी त्यानें अशा नेमक्या समेवर आणून आदळल्या कीं, तुरेवाल्यांना जबाब सुचेना.

बुवांचें मत अद्याप बदललेलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं पडवींत येऊन ते नातवास एवढेंच म्हणाले, "तो शेवटचा सवाल मला कागदावर उतरून दे. चाल मी लावतों."