वसंतसंपात : चीनमध्ये आणि भवानी पेठेत



मार्चच्या २० किंवा २१ तारखेला सूर्य विषुववृत्तावर येतो आणि दिवस-रात्र जवळपास सारखे होतात. लगेच २२ मार्चला (लीप वर्षी २१ मार्चला) आपला सौर चैत्र लागतो. ही राष्ट्रीय दिनदर्शिका १९५७ सालापासून चालत आली आहे.

चिनी लोकांनी सूर्याच्या वाटचालीवरून वर्षाचे २४ भाग पाडले. वसंतसंपात हा त्यातला चौथा, ‘चुनफन’. ही कालगणना २०१६ साली युनेस्कोच्या वारसायादीत गेली. या दिवशी दक्षिणेकडच्या ग्वांगदोंग प्रांतात बायामाणसं रानातली कोवळी भाजी खुडून आणतात आणि माशाच्या पातळ कापांबरोबर तिचा रस्सा करतात. काही गावांत तांदळाच्या चिकट पिठाचे, सारण न भरलेले गोळे उकडून खातात. त्यातले थोडे बांबूच्या काड्यांना टोचून बांधावर रोवतात. चिमण्यांच्या चोची चिकटाव्यात आणि पीक वाचावं, हा त्यामागचा हेतू. मुलं पतंग उडवतात, अंडं उभं करण्याची पैज लावतात.

आता आपल्या सोलापूरच्या भवानी पेठेत या. पाडवा चंद्रावर मोजला जातो, म्हणून तो संपाताच्या थोडा मागे-पुढे येतो. पण ऋतू तोच. तेलुगू विणकरांच्या घरी उगादीची पच्चडी होते : नवी चिंच, गूळ, कैरी, मीठ, तिखट आणि कडुनिंबाचा मोहोर. मराठी घरी कडुनिंबाची कोवळी पानं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, ओवा, हिंग वाटून देतात. सोलापूरचा पारा ४० अंशांपुढे जाण्याआधी झाडाला जे नवं फुटलं, ते आधी पोटात जातं. चीनमध्येही तेच. ऋतू पालटला की त्याची पहिली पालवी खायची, ही शहाणीव दोन्हीकडच्या मातीत राबणाऱ्या माणसांची आहे.

सोलापूरला चीन परका नाही. इथं १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर तिकडे गेले, चार वसंत तिथंच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथंच वारले. संपातानंतर पंधरा दिवसांनी चिनी लोक छिंगमिंग पाळतात, पूर्वजांच्या समाध्या झाडतात. त्या सुमारास शिजियाझ्वांगमधल्या कोटणिसांच्या समाधीवरही फुलं वाहिली जातात.

यंदा पच्चडी वाटताना घरातल्या मुलांना हे सगळं सांगा. कडुनिंबाचा घास ती आनंदानं खातील, आणि दूरच्या देशातली माणसं आपल्यासारखीच जगतात, हेही त्यांना कळेल.