इझमीरला एक रात्र पुरत नाही

प्रवासाच्या या सदरात आज आम्ही बोलणार आहोत तुर्कस्तानातल्या इझमीर या बंदराविषयी. आम्ही म्हणजे आमच्या भिशी मंडळातल्या आठजणी. गेली तीन वर्षं भिशीतली थोडी रक्कम बाजूला ठेवत आलो, आणि येत्या ऑक्टोबरात जायचं नक्की केलं आहे. आमच्यातली सगळ्यांत धाकटी चव्वेचाळीस वर्षांची, थोरली अडुसष्टची. तिघींची ही पहिलीच परदेशवारी.

सहलींची जी पत्रकं आम्ही मागवली, त्या सगळ्यांत इझमीरच्या वाट्याला एकच रात्र होती. संध्याकाळी पोचा, जेवा, झोपा आणि सकाळी उठून इफिससचे प्राचीन अवशेष पाहायला निघा. निम्म्याजणींना ते पटलंही होतं. पैसे मोजके, मग एका शहरात तीन रात्री कशाला? पण आपण वाचत गेलो तर मत बदलतं. आम्ही आता तीन रात्री ठरवल्या आहेत. त्या का आणि कशा, ते सांगतो.

इझमीर हे तुर्कस्तानातलं तिसऱ्या क्रमांकाचं शहर. एजियन समुद्र जिथे लांबवर आत शिरतो, त्या आखाताच्या टोकाला ते वसलं आहे. जुनं नाव स्मर्ना. महाकवी होमर इथलाच, अशी जुनी परंपरा सांगते. इफिसस आणि स्मर्ना ही दोन्ही मोठी बंदरं होती. इफिससची नदी गाळ आणत राहिली आणि समुद्र हटत हटत कित्येक किलोमीटर दूर गेला. आज तिथला बंदराकडे जाणारा दगडी रस्ता दलदलीपाशी संपतो. तशीच वेळ इझमीरवरही आली असती. गेदिझ नदीचा गाळ आखाताचं तोंड बुजवत होता. १८८६ मध्ये नदीचा प्रवाहच वळवून दूर सोडला, म्हणून हे बंदर वाचलं. तेव्हा इफिसस पाहायचं तर इझमीरही पाहायला हवं. एक मेलेलं बंदर, एक जगलेलं.

पहिला दिवस कोनाक चौकाचा. इथे १९०१ साली बांधलेला नक्षीदार घड्याळ-मनोरा आहे. सुलतान दुसरा अब्दुल हमीद गादीवर बसून पंचवीस वर्षं झाली, त्या निमित्ताने तो उभारला. चौकातूनच केमेराल्ती बाजार सुरू होतो. त्याचा मुख्य रस्ता सरळ नाही, कमानीसारखा वळत जातो, कारण पूर्वी इथे आतलं बंदर होतं आणि रस्ता त्याच्या काठाने जायचा. बंदर बुजलं, वळण राहिलं. याच बाजारात १७४४ ची किझलाराआसी हान ही सराई आहे. मधे चौक, भोवती दोन मजली ओवऱ्या. व्यापारी माल घेऊन इथे उतरत. आता तिथे दुकानं आहेत आणि वाळूवर उकळलेली कॉफी मिळते. जवळच ज्यूंची प्रार्थनास्थळं असलेली गल्ली आहे. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू उस्मानी साम्राज्यात आले, त्यांचे वंशज इथेही स्थिरावले. रविवारी बाजार बहुतेक बंद असतो, म्हणून आम्ही शनिवारी पोचणं टाळलं आहे.

बाजाराच्या मागे चढावर रोमन काळातला अगोरा, म्हणजे शहराचा चौक आहे. १७८ साली भूकंपाने शहर कोसळलं, आणि सम्राट मार्कस ऑरेलियसच्या मदतीने ते पुन्हा उभं राहिलं. तळघरातल्या कमानींच्या ओळी अजून शाबूत आहेत.

दुसरा दिवस आम्ही समुद्रकाठासाठी ठेवला आहे, आणि खरी चर्चा आमच्यात झाली ती याच दिवसावरून. काठावरच्या लांबलचक फिरण्याच्या जागेला कॉर्डोन म्हणतात. हिरवळ, सायकली, चहाची दुकानं, सूर्यास्त. छायाचित्रं बघून कुणालाही वाटेल, इथे आइसक्रीम खावं आणि गप्पा माराव्यात. तेही करणारच आहोत. पण या काठावर काय घडलं ते ठाऊक असायला हवं, असं आम्हाला वाटलं.

पहिल्या महायुद्धानंतर, १५ मे १९१९ रोजी ग्रीक सैन्य इथे उतरलं. तीन वर्षं युद्ध चाललं, दोन्हीकडची गावं जळाली. ९ सप्टेंबर १९२२ रोजी तुर्की सैन्य शहरात परतलं. १३ तारखेला आर्मेनियन वस्तीत आग लागली आणि आठवड्याहून जास्त काळ धुमसत राहिली. ग्रीक आणि आर्मेनियन वस्त्या जळून गेल्या. लाखाहून अधिक माणसं याच काठावर अडकली. पाठीशी आग, पुढे पाणी. बायका, मुलं, म्हातारी माणसं. बंदरात परदेशी युद्धनौका उभ्या होत्या, पण सुरुवातीला त्यांनी बहुतेकांना घेतलं नाही. एसा जेनिंग्ज नावाच्या एका अमेरिकन धर्मोपदेशकाने खटपट करून ग्रीक जहाजं मिळवली आणि महिनाअखेर फार मोठ्या संख्येने लोक बाहेर काढले गेले. तो ना सेनापती होता ना राजदूत.

आग कुणी लावली यावर दोन्ही देशांत आजही वेगवेगळं सांगितलं जातं. तुर्कांसाठी ९ सप्टेंबर हा मुक्तिदिन आहे, तर ग्रीक लोक त्या काळाला 'महासंकट' म्हणतात. पुढे १९२३ च्या करारानुसार धर्म पाहून लोकांची अदलाबदल झाली. सुमारे बारा लाख ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि साडेतीन ते चार लाख मुसलमान आपापल्या गावाला मुकले. अथेन्सजवळ निर्वासितांनी वसवलेल्या एका वस्तीचं नाव आजही 'नेआ स्मिर्नी', म्हणजे नवं स्मर्ना आहे. आणि क्रीट बेटावरून हाकलले गेलेले मुसलमान या किनाऱ्यावर येऊन राहिले. रानभाज्या ऑलिव्ह तेलात शिजवण्याची हातोटी त्यांनी आपल्याबरोबर आणली.

आपल्याकडेही त्या काळी हे नाव ऐकू येत होतं. मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या खिलाफत समितीने 'स्मर्ना फंड' उघडून पैसे गोळा केले होते.

आमच्यातली एक म्हणाली, "एवढं दुःख माहीत करून घेऊन मग हिंडायला कशाला जायचं?" थोरल्या काकूंनी उत्तर दिलं, "कुणाच्या घरी जाताना त्यांच्याकडे काय झालंय हे ठाऊक असलं, की आपण नीट बोलतो." आम्हाला ते पटलं. तिथल्या माणसांना आम्ही जाब विचारणार नाही. त्यांचीही आजी-पणजी कुठून तरी उठून आलेली असू शकते. आम्ही फक्त पाहणार आहोत. बाजारातल्या अरुंद बोळांतून निघून रुंद, सरळ रस्त्यांवर आलात, की जळालेल्या भागात शिरलात असं समजा. मधलं मोठं क्युल्तुरपार्क हे उद्यान १९३६ मध्ये त्या राखेवरच उभं राहिलं. हे माहीत नसेल तर ती फक्त एक बाग आहे.

तिसरा दिवस इफिससचा. बास्माने स्थानकातून सेल्चुकपर्यंत रेल्वेने दीडेक तास लागतो. अनातोलियातला पहिला लोहमार्ग इझमीर ते आयदिन, तो १८६६ मध्ये पुरा झाला. सेल्चुक त्याच मार्गावर आहे. आतल्या खोऱ्यातले अंजीर आणि बेदाणे याच मार्गाने बंदरात येत. इफिससला दोन दरवाजे आहेत. वरच्या दरवाजाने आत जा आणि खालच्याने बाहेर पडा, म्हणजे गुडघे दुखणाऱ्यांना उतारच मिळेल. सावली फार कमी, म्हणून टोपी आणि पाणी हवंच. दगड गुळगुळीत आहेत, चपला नकोत, पकड असलेले बूट घाला.

गुडघ्यांवरून आठवलं. शहरात 'आसान्सोर' नावाची जुनी लिफ्ट आहे. खालच्या आणि वरच्या रस्त्यामध्ये १५५ पायऱ्या होत्या. १९०७ मध्ये नेसिम लेवी या ज्यू व्यापाऱ्याने लोकांचे कष्ट वाचावेत म्हणून ती बांधली. वरून सगळं आखात दिसतं. आमच्या काकूंनी यादीत पहिलं नाव हेच लिहिलं आहे.

शाकाहारी मैत्रिणींनी घाबरू नये. 'झेतिनयाली' म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या, फरसबीपासून आर्टिचोकपर्यंत. द्राक्षाच्या पानात भात भरलेला 'यालान्जी दोल्मा', म्हणजे शब्दशः 'खोटारडा दोल्मा', कारण त्यात मांस नाही. न्याहारीला ज्यूंनी आणलेलं 'बोयोझ' हे खुसखुशीत पापुद्र्यांचं पाव, सोबत चहा. सूप मात्र विचारून घ्या, मसुराच्या सुपातही मांसाचं पाणी असू शकतं. 'एतसिझ', म्हणजे 'मांसाशिवाय', हा शब्द पाठ करा.

बाकीचे शब्द फार परके वाटणार नाहीत. मैदानाला 'मेयदान', दुकानाला 'दुक्यान', जेवण झाल्यावर बिल मागायचं तर 'हेसाप', म्हणजे आपला हिशेब. फारसी-अरबीतून दोघांनीही उचललेले शब्द. 'तारिह' म्हणजे तारीखही आणि इतिहासही.

आता कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर ऑनलाइन ई-व्हिसाची सोय आहे, नसेल तर आधी रीतसर अर्ज करावा लागतो. नियम बदलतात, म्हणून तिकिटं काढण्याआधी सरकारी संकेतस्थळ स्वतः वाचा. मशिदीत जाण्यासाठी पिशवीत एक ओढणी ठेवा. ट्राम, मेट्रो आणि पलीकडच्या कार्शियाकाला नेणारी बोट यांना एकच कार्ड चालतं. त्या बोटीतून संध्याकाळी नक्की जा. शहर मागे सरकतं आणि काठ अख्खा दिसतो. आम्ही दुसरी संध्याकाळ त्यासाठीच मोकळी ठेवली आहे.

तुमच्यापैकी कुणी जाऊन आलं असेल, तर केंद्रावर चिठ्ठी टाका, आमच्या यादीत अजून जागा आहे. नमस्कार.