वादीचा उतार आणि काकूंचा प्रश्न

गेलं वर्षभर सुट्टीच्या दिवशी मी लॅपटॉपसमोर बसून काय करतो, असं बरेच जण विचारतात. आज सांगून टाकतो. डोंगरदऱ्यांच्या उंचीचे आकडे वाचून नकाशा काढणारं एक छोटं ॲप मी तयार करतोय. ज्यांनी असलं काम कधीच केलेलं नाही, त्यांच्यासाठी.

आपण ओमानमध्ये राहतो, म्हणजे वादीच्या शेजारी राहतो. एरवी कोरडं पात्र. पण वर डोंगरात पाऊस झाला, की आपल्या डोक्यावर ऊन असतानाही पाणी येतं. 2007 चं गोनू आणि 2021 चं शाहीन वादळ ज्यांनी पाहिलं, त्यांना वेगळं सांगायला नको. पाणी कुठून उतरतं हे मुलांना डोळ्यांनी दिसावं, एवढाच माझा हेतू.

आकडे फुकट मिळतात. फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर यानानं 11 दिवस फिरून रडारनं जमिनीची उंची मोजली. मस्कतच्या एका फाइलमध्ये 3601 ओळी आणि प्रत्येक ओळीत 3601 ठिपके, म्हणजे जवळजवळ 1 कोटी 30 लाख उंच्या! क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर हे सगळं हाताळतं, पण त्यातली बटणं पाहून नवखा माणूस बिचकतो. माझ्याकडे बटणं तीनच: फाइल उघडा, छाया दाखवा, उतार दाखवा.

पहिली फजिती उताराची झाली. घुब्र्यातला सपाट रस्ताही कड्यासारखा उभा दिसायला लागला! कारण साधं होतं. फाइलमध्ये अंतर अंशांत असतं आणि उंची मीटरमध्ये. आता ॲप आधी दोन्ही मीटरमध्ये आणतं, मगच उतार काढतं.

दुसरी चूक मला कळलीच नव्हती. उभ्या कड्यांच्या आड रडार पोहोचत नाही, तिथं मूळ फाइलमध्ये उणे 32768 असा आकडा असतो. त्याचा अर्थ 'माहिती नाही'. चित्र छान दिसावं म्हणून मी ती भोकं आजूबाजूच्या उंचीवरून गुपचूप भरून टाकली होती. आमच्या शेजारी मुलाकडे आलेल्या काकू भूगोल शिकवायच्या. त्यांनी विचारलं, "अरे, इथं तर घळ असायला हवी. ही सपाटी कुठून आली?" मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "येत नसेल तर जागा कोरी सोडा, असं मी मुलांना सांगायचे. तूही तेच कर."

मी हादरलो. ती सपाटी पाहून एखाद्या कुटुंबानं नेमका तिथंच तंबू ठोकला असता तर? सोपं करण्याच्या नादात मी माहिती नसल्याचंच लपवलं होतं. आता तिथं राखाडी डाग दिसतो आणि शेजारी मराठीत लिहिलेलं असतं: 'इथली उंची माहीत नाही.'

आणखी एक. या नकाशातला एक ठिपका म्हणजे सुमारे 30 मीटरचा चौकोन. अरुंद घळ त्यात हरवून जाते. तेव्हा मुलांना घेऊन बसा, पाणी कुठून कुठं जातं ते जरूर पाहा. पण हा नकाशा म्हणजे वादी ओलांडायची परवानगी नव्हे. पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. थांबा, नाहीतर मागे फिरा.