मिसिंग

भाच्याची गाडी छोटी, पण भलतीच चपळ. ती अधूनमधून ‘मिसिंग’ मारू लागली. थंड असताना ठीक. खंबाटकी घाटात तापली की थरथर. गॅरेजात नेली की शहाण्या मुलासारखी चालायची!

भाचा म्हणाला, “मामू, प्लग, कॉइल, इंजेक्टर, सगळंच बदलून टाकू.”

मेस्त्रींनी आधी स्कॅनर लावला. संकेत आला पी ०३०२. म्हणजे दुसरा सिलिंडर चुकतोय, एवढंच. का चुकतोय, ते यंत्र सांगत नाही. मग त्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल केली आणि म्हणाले, “आता घाट चढून या.” परतलो तर संकेत पी ०३०३! दोष कॉइलबरोबर सरकला होता. तापली की तीच दगा देत होती. तेवढी एकच बदलली. मला ही तपासणी फार आवडली, फुकटात होते.

एक मात्र सांगतो. इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, त्याची आतली जाळी वितळू शकते. तो कॉइलच्या कितीतरी पट महाग. भाच्याचा वाचला. प्लग मात्र चारही बदलले. त्यांची मुदत झालीच होती.