सोबत कोण जाणार?

(मंडळीतील बहिणींच्या सभेत केलेले भाषण. वक्त्या बहिणीच्या विनंतीवरून नाव दिलेले नाही.)



लग्नात मी यजमानांचं नाव उखाण्यात घेतलं होतं. आज घेणार नाही. इथल्या बहुतेकांना ते ठाऊक आहे, तरीही नाही. ते ज्या गटात जातात तिथली रीतच आहे की कोण आलं आणि काय बोललं ते बाहेर जाऊ द्यायचं नाही. आमच्या घरापुरतं बोलायला मी त्यांची परवानगी घेतली आहे.

गटाचं नाव अल्कोहोलिक्स अनॉनिमस. लोक नुसतं ‘एए’ म्हणतात. आपल्या घोडपदेवात दारू कधी शोधावी लागली नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा पगाराच्या दिवशी मिळायची, १९८२च्या संपानंतर उधारीवर मिळायची. दारू सोडवणारी जागा मात्र कुठे आहे हे चाळीत एकालाही सांगता येईना. आणि या गटांची देशभराची कचेरी वर्षानुवर्षं शेजारी भायखळ्यात!

आम्हाला पत्ता लागला तो सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून. एक गोष्ट आधी सांगते, कारण ती जिवावर बेतू शकते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडू नका. हात थरथरतात, फिट येते, नसलेली माणसं दिसायला लागतात. आधी जे.जे., के.ई.एम. किंवा नायरच्या मानसोपचार विभागात दाखवा. डॉक्टरांनी औषधं दिली आणि केसपेपरच्या मागे एक फोन नंबर लिहिला.

फोन मीच केला. पलीकडच्या भाऊंनी शांतपणे विचारलं, “ताई, पितं कोण? त्यांना सोडायची असेल तर त्यांनाच फोन करू द्या. तुम्हाला स्वतःसाठी यायचं असेल तर घरच्या माणसांचा अल-अनॉन गट आहे, त्याचा पत्ता देतो.” मला राग आला. त्रास मला, आणि फोन त्यांनी करायचा? पण तिथली एकमेव अटच ती आहे, दारू सोडायची इच्छा. ती उसनी देता येत नाही. यजमानांनी फोन केला तो तीन आठवड्यांनी, रात्री अकराला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच भाऊ चाळीखाली येऊन उभे राहिले आणि त्यांना सोबत घेऊन गेले.

पुढे खुल्या मीटिंगला मीही गेले. खुली म्हणजे घरच्यांनीही बसायची. शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक, त्यात मोठ्या माणसांचे गुडघे अडकलेले. गोदीतला कामगार, बँकेतले साहेब, टॅक्सीवाला. हिंदू, मुसलमान, आपले ख्रिस्ती. फी नाही, वहीत नाव नाही. चहा झाला, एक पिशवी फिरली, ज्याला जमेल त्याने पैसे टाकले. मग एकेक जण आपली हकीकत सांगू लागला. कुणी उपदेश केला नाही. पहिले दोन महिने आमचे हे नाव सांगून खाली बसायचे, बस्स.

दुसऱ्या नाताळात ते पुन्हा प्याले. आपल्यात साक्ष देतात ती जिंकल्यावर. हरलेला माणूस उपासनेला येईनासा होतो; हेही मंडळीत यायचे थांबले होते. त्या वर्गात मात्र चौथ्या दिवशी जाऊन त्याच बाकावर बसले. किती प्यालास, असं कुणी विचारलं नाही. म्हणाले, बरं झालं आलात. हे मला आपल्यासाठी शिकण्यासारखं वाटतं, म्हणून बोलते.

एएची सुरुवात कशी झाली ते पाळकसाहेबांनाही आवडेल. १९३५ साली न्यूयॉर्कचा बिल नावाचा माणूस धंद्याच्या कामाने अमेरिकेतल्याच अ‍ॅक्रन गावी गेला होता. दारू सोडून पाच-सहाच महिने झालेले, काम फसलेलं, आणि हॉटेलातला बार समोर. तिथे चर्चची यादी लावलेली होती. त्याने एका पाळकाला फोन केला. पाळकाने काही नावं दिली, त्यातून एका बाईपर्यंत आणि तिच्यामार्फत डॉ. बॉब या पिणाऱ्या सर्जनपर्यंत तो पोहोचला. डॉ. बॉबने शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५, आणि तोच एएचा स्थापना दिवस मानतात. पाळकाने काय केलं? फोन उचलला आणि नावं दिली. बिल आणि बॉब दोघेही तेव्हा एका ख्रिस्ती सहवासातले, पण पुढे त्यांनी गट कुठल्याच पंथाशी बांधला नाही. ज्याला देव जसा समजला तसा, असं म्हटलं. म्हणून त्या बाकावर सगळे बसू शकतात.

तेव्हा मीटिंगला आपला हॉल द्यायचा ठराव आला तर आधी प्रार्थना, मग छोटा संदेश, असं काही जोडू नका. देणगीही देऊ नका. बाहेरचे पैसे ते घेत नाहीत. हॉलचं भाडं पिशवीतून देतील, ते घ्या.

आपण आदिवासी पाड्यांवर काम करतो. तिथे मोहाची दारू लग्नात असते, देवाला असते. नुसतं ‘वाईट’ म्हणून कुणी ऐकत नाही. गडचिरोली जिल्ह्यात १९९३पासून दारूबंदी आहे, तरी २०१६मध्ये तिथे ‘मुक्तिपथ’ हे काम सुरू करावंच लागलं, गावोगावी संघटना आणि व्यसनींवर उपचार, दोन्ही धरून. दुकान बंद झालं तरी पिणारा माणूस उरतोच. गटात बसायला वाचता यावं लागत नाही, आपल्या बोलीत बोललं तरी चालतं. पाड्यावरच्या आपल्या कार्यकर्त्यांना एवढं विचारा की जवळचा उपचार कुठे, जवळचा गट कुठे, आणि पहिल्या दिवशी त्या माणसासोबत चालत कोण जाईल.

नंबर मी कागदावर लिहून आणलाय. सभा संपल्यावर दाराशी थांबते. ज्यांना चारचौघांत मागायला अवघड वाटेल, त्यांनी घरी या. भाकरीची वेळ सोडून कधीही.